विशेष सहकार्याबद्दल आभार

मी आभाराचं पत्र पाठवून एका सरळ माणसाची चौकशी लावली. पत्र माझं, लेटरहेड माझं, सही आणि शिक्का माझा. तळाला "प्रत माहितीसाठी : माननीय वरिष्ठ अधिकारी" ही ओळसुद्धा माझीच. ती ओळ घालताना मी स्वतःवर फार खूश होतो. म्हटलं, साहेबांच्या साहेबांनाही कळू दे माणूस किती चांगला आहे ते. बढतीला उपयोग होईल.

ते साहेब म्हणजे बोराडे. कस्टम्समध्ये सुपरिंटेंडंट. त्यांचा फोन आला तेव्हा मी खांदा कॉलनीतल्या माझ्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो.

"पत्र तुम्हीच पाठवलंय?"

"हो साहेब. मिळालं का?" मला वाटलं, आता आभाराचे आभार येणार.

"मला मिळालं. वरही मिळालं. आता वरून विचारणा झालीय की मी तुम्हाला विशेष सहकार्य नेमकं कुठलं केलं. मी आठवून पाहिलं, मला काही आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर लेखी कळवा."

फोन ठेवला त्यांनी. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी डबा बंद केला. त्यात वालाचं बिरडं होतं, म्हणजे बघा.

आमचा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परदेशातून माल येतो, बंदरावर उतरतो. मालाचा मालक आपल्या दुकानात बसलेला असतो, त्याला सरकारी कागदांमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. त्याच्या आणि सरकारच्या मधला माणूस म्हणजे क्लिअरिंग एजंट. आम्ही बिल ऑफ एंट्री भरतो. म्हणजे काय माल आहे, कुठून आला, त्यावर शुल्क किती, हे सरकारला लिहून द्यायचं. हे कागद तपासणारा अधिकारी हल्ली दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात बसतो, त्याचं तोंड आम्हाला दिसत नाही. पण कंटेनर उघडून माल बघायचा असेल, तर माणूस इथलाच लागतो. त्याचं समाधान झालं की तो सही करतो आणि माल सुटतो. बोराडे साहेब हे त्या सहीचे मालक.

आता अशा माणसाला "आपल्या विशेष सहकार्यामुळे आमचा माल तातडीने सुटला, यापुढेही असेच सहकार्य लाभावे" असं लेखी देणं म्हणजे काय? मला हक्काच्या पलीकडचं काहीतरी मिळालं आणि पुढेही मिळायला हवं आहे, अशी मी स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली कबुली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे पहिल्या आठवड्यात शिकवत आलो. अधिकाऱ्याशी अंतर ठेवा, कागदावर गोड बोलू नका. रंजनालाही मीच शिकवलं होतं.

आणि सगळं झालं ते रंजनामुळे. म्हणजे तिने काहीच केलं नाही. तीच तर पंचाईत आहे. तिच्यावर ढकलायला मला अजून काही सापडलेलं नाही.

रंजना करंजाची. वडिलांची मासेमारीची होडी होती. बी.कॉम. झाल्यावर ती माझ्याकडे लागली, बरीच वर्षं राहिली, मग स्वतःचं लायसन काढून बाहेर पडली. बाहेर पडली म्हणजे किती, तर माझ्या समोरच्या गाळ्यात. मधे एक पॅसेज. माझ्या दाराला पितळी पाटी. तिच्या दाराला नुसता स्टिकर, त्याचाही एक कोपरा निघालेला. तरी लोक त्या दाराने आत जायचे आणि बाहेर पडताना हसत असायचे. माझ्याकडून बाहेर पडणारा माणूस साधारणपणे खिसा चाचपत असतो.

पूर्वी माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. ती मी दाराकडे फिरवून घेतली. सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की वास्तुशास्त्र. ती शाळेत गणित शिकवायची. ती एकदा ऑफिसात आली, खुर्चीत बसली, समोर बघितलं आणि म्हणाली, "वास्तू तिची चांगली दिसतेय."

रंजनाचं गुपित मला कळलं ते वजनकाट्याच्या केबिनमध्ये. द्रोणागिरीच्या बाजूला सीएफएस आहेत. सीएफएस म्हणजे बंदरातून आणलेले कंटेनर ठेवायचं खासगी आवार. तिथेच माल उघडतात, तपासतात, गाडीत भरतात. आम्ही ज्या आवारात काम करतो तिथल्या काट्यावर तांडेल नावाचा ऑपरेटर आहे. त्याच्या केबिनच्या काचेला आतून एक पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं. साधं, पिवळं. मी चष्मा पुसायचं निमित्त करून वाचलं.

"तांडेलदादा, गुरुवारी काटा बंद पडला तेव्हा तुम्ही जेवणावरून उठून दुरुस्तीवाल्याला गाडीवर बसवून आणलंत. आमचा ट्रेलर त्या दिवशी निघाला तो तुमच्यामुळे. रंजना, करंजा."

संपलं. कंपनीचं नाव नाही, फोन नंबर नाही, यापुढेही वगैरे काही नाही.

मी विचारलं, "हे काय हो?" तांडेल म्हणाला, "रंजनाताईंचं पत्र. घरी आलं होतं. आईने वाचलं, बायकोने वाचलं. मग मी इथे आणून लावलं." वर त्याने ते नखाने जरा सरळ केलं. देवाची तसबीर करावी तसं.

एकदा दिसलं की सगळीकडे दिसायला लागलं. फोर्कलिफ्टवाल्या सलीमने काचेमागे खोचलेलं. गेटवरच्या वॉचमनने डायरीत ठेवलेलं. मजुरांचा मुकादम बाळाराम, त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात, आधार कार्डाच्या मागे. मी या सगळ्यांना वर्षानुवर्षं दिवाळीला काजूकतलीचे डबे दिलेत. डबे गोड लागले, संपले. रिकाम्या डब्यात सलीम नटबोल्ट ठेवतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

चौकशी केली तेव्हा कळलं, तिची पद्धत ठरलेली आहे. स्कूटरच्या डिकीत रिफ्लेक्टरच्या जॅकेटखाली कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असतो. कंटेनर उघडायची वाट बघत सगळे एजंट मोबाइलवर असतात, तेव्हा ही कँटीनमध्ये बसून लिहिते. एका कार्डात एकच गोष्ट. त्या माणसाने त्या दिवशी नेमकं काय केलं तेवढीच. आणि पाठवायचं ते घरच्या पत्त्यावर. पोस्टमन दारात येतो, घरातले वाचतात, बाळारामला दोन दिवस चहा वेळेवर मिळतो.

मला राग आला. ही साधी गोष्ट मला का सुचली नाही याचा नव्हे. राग याचा, की पनवेलपासून उरणपर्यंत ज्याच्या-त्याच्याकडे तिचं कार्ड, आणि जिथे ती काम शिकली त्या माणसाकडे नाही. हे मी सुनंदाला बोललो नाही. खुर्ची मात्र आणखी थोडी फिरवली.

कळस झाला शफीभाईंच्या दुकानात. शफीभाई हे माझे सगळ्यात जुने क्लायंट. टपाल नाक्याच्या बाजूला त्यांचं सुक्या मेव्याचं दुकान, वडील होते तेव्हापासूनचं. दर वर्षी रमजानच्या आधी त्यांचा खजूर येतो, दोन कंटेनर, मागेपुढे. त्या खजुरावर त्यांचं वर्ष चालतं. उरण, पनवेल, खाली पेणपर्यंतची दुकानं त्यांच्याकडून उचलतात. त्या वर्षी पहिला कंटेनर अगदी विनासायास सुटला. बोराडे साहेबांनी नमुन्यादाखल थोडे खोके उघडले, कागदांशी जुळवले, सही केली. मी ही बातमी द्यायला मोठ्या ऐटीत दुकानात गेलो. काउंटरच्या काचेखाली पाहिलं, तर पिवळं कार्ड.

रंजनाकडे शफीभाईंचं एकही काम नव्हतं. तिची स्कूटर उरण रोडला बंद पडली होती आणि शफीभाईंच्या टेम्पोवाल्याने ती टेम्पोत चढवून गॅरेजपर्यंत पोचवली होती. तेवढ्यासाठी ड्रायव्हरला एक कार्ड आणि असा ड्रायव्हर ठेवल्याबद्दल मालकाला एक.

"मुलगी तमीजवाली आहे," शफीभाई म्हणाले. "तुमच्याकडेच होती ना?"

"मीच शिकवलं तिला."

"माशाल्ला," ते म्हणाले आणि पुन्हा कार्डाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की शफीभाई पॅसेज ओलांडणार. आज नाही तर पुढच्या मोसमात. बाकीचे क्लायंट गेले असते तर मी चडफडलो असतो. शफीभाई गेले तर मला पाटी उतरवावी लागली असती, कारण नवीन माणूस आला की मी पहिलं वाक्य हेच टाकतो, "आमच्याकडे वडिलांपासूनचे क्लायंट आहेत." ते वडिलांपासूनचे क्लायंट म्हणजे एकटे शफीभाई.

घरी आलो आणि कॉम्प्युटर उघडला. ती एकेक लिहिते ना, मी एका दमात सगळ्यांना पाठवतो. मजकूर एकच, वर नाव तेवढं बदलायचं. कार्ड कशाला, जाड कागदाचं लेटरहेड. "आपल्या विशेष सहकार्याबद्दल व आमच्यावरील विश्वासाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत." यादीत तांडेल, सलीम, बाळाराम, वॉचमन, काही क्लायंट आणि भरीला बोराडे साहेब, त्यांच्या पत्रात माल तातडीने सुटल्याची ओळ तेवढी जास्तीची. साहेबांना घालताना हात क्षणभर थांबला होता, खोटं सांगत नाही. पण मनात आलं, रंजनाने अजून एकाही अधिकाऱ्याला पाठवलेलं नाही. इथे आपण पुढे जाऊ. दुसरा खजुराचा कंटेनर तेव्हा समुद्रात होता, हे डोक्यातच आलं नाही.

सुनंदाने एक पत्र हातात घेऊन वाचलं. "लग्नपत्रिकेसारखं वाटतंय," ती म्हणाली. "आहेर आणू नये, हे घालायचं राहिलंय."

मी कुरियर केलं. कामगारांना घरच्या पत्त्यावर. रंजनाकडून तेवढी एकच गोष्ट मी बरोब्बर उचलली, आणि पहिला दणका तीच देऊन गेली.

बाळाराम चिरनेरचा. इतकी वर्षं एकत्र काम करून मला त्याचं गाव पत्ता शोधताना कळलं. पत्र पोचल्यावर दोनच दिवसांत तो माझ्या ऑफिसात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर बसेना.

"साहेब, आमी काय केलंय ते तरी सांगा."

"काय झालं?"

त्याने खिशातून माझं पत्र काढलं. घडीवर घडी. "शिक्क्याचा कागद घरी आला. बायको रडाय लागली, म्हणाली नोटीस हाय. गावातल्या वकिलाकडे नेला. तो म्हणतो, यात काय बी नाय, पण ऋणी म्हंजे पैशाचं काय तरी असेल, जपून रहा." मग खालच्या आवाजात, "मागे तुमचा एक खोका फुटला व्हता, तो आमच्या पोरांनी नाय फोडला."

मी त्याला समजावलं की हे आभार आहेत. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कशाचे?" त्याने विचारलं. मला एकही गोष्ट सांगता आली नाही. तो निघून गेला आणि जाताना समोरच्या दारात डोकावून "येतो गं रंजू" म्हणून गेला.

याच आठवड्यात बोराडे साहेबांचा तो फोन आला. पाठोपाठ मला वरच्या ऑफिसात बोलावणं. समोर असिस्टंट कमिशनर मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या. टेबलावर माझं पत्र, त्यातले दोन शब्द पिवळ्या मार्करने रंगवलेले.

"विशेष सहकार्य म्हणजे काय?"

"म्हणजे साहेबांनी माल लवकर सोडला."

"लवकर का सोडला?"

"कागद बरोबर होते, मॅडम. माल कागदाप्रमाणे होता."

"मग त्यात विशेष काय?"

मला वाटतं त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "मला पत्र लिहिता येत नाही."

"हे लेखी द्या," त्या म्हणाल्या. मी दिलं. "सदर पत्रातील 'विशेष' हा शब्द निव्वळ अविचाराने वापरला असून त्यास काहीही अर्थ नाही." माझ्या हातचं ते बहुधा एकमेव खरं पत्र. त्यांनी वाचलं आणि पुढचं सांगितलं. बोराडे आता माझ्या कुठल्याही फायलीला हात लावणार नाहीत. माझा पुढचा कंटेनर पूर्ण उघडला जाईल, प्रत्येक खोका. "यात तुम्हाला शिक्षा नाही. उद्या कोणी बोराडेंकडे बोट दाखवू नये म्हणून. त्यांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, ते तुमच्या आभारांनी खराब व्हायला नको." उठताना म्हणाल्या, "यापुढे कोणाचं भलं चिंतायचं असेल तर मनातल्या मनात चिंतत जा."

पुढचा कंटेनर म्हणजे शफीभाईंचा खजूर. उरलेला आणि मोठा. तो उतरला तेव्हा रमजान तोंडावर आला होता.

प्रत्येक खोका उघडायचा म्हणजे काय, ते सांगतो. हा थंड ठेवणारा कंटेनर असतो, विजेची वायर लावून उभा. त्याचा सगळा माल बाहेर काढायचा, ओळीने मांडायचा, अधिकाऱ्यासमोर फोडायचा, पुन्हा चिकटवायचा, पुन्हा भरायचा. त्याला मजुरांची टोळी लागते, फोर्कलिफ्ट लागते, छताखालची जागा लागते. सणाच्या तोंडावर प्रत्येक आयातदाराला हेच तिन्ही लागतं. म्हणून आवारात नंबर असतात आणि नंबर लावणार मुकादम. बाळाराम.

मी गेलो. तो नीटच बोलला, तेच वाईट होतं. "सोमवार धरा, साहेब. त्याआधी पोरं नाय माझ्याकडं."

सोमवारी माल उघडायचा म्हणजे बाजारात कधी पोचायचा? मी सलीमकडे गेलो. तो म्हणाला, मुकादम म्हणेल तसं. तांडेलकडे उगाचच गेलो, त्याचा काही संबंध नव्हता. तिथे काचेवरचं कार्ड बघून परत आलो. मग शफीभाईंना फोन केला. माणूस तोंडातून वाईट शब्द काढत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विनायकराव, तुमची तकलीफ मला समजते. पण चांद कुणासाठी थांबत नाही. पहिल्या रोजाला लोकांच्या हातात खजूर नसेल तर माझ्या दुकानाला अब्बांनी कुलूप लावलेलं बरं होतं."

पॅसेज ओलांडायला साधारण चार पावलं लागतात. मला ती फार जड गेली. बाळारामने शुक्रवारचा नंबर रंजनाला दिलेला आहे, हे मला ठाऊक होतं. तिच्या क्लायंटच्या टाइल्स उघडायच्या होत्या.

ती जेवत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. पत्राचं, मॅडमचं, खजुराचं. मला वाटलं होतं ती हसेल. हसली असती तर मला परत फिरता आलं असतं.

"साहेबांना आभाराचं पत्र पाठवलंत?" तिने विचारलं. "तुम्ही?"

"हो."

"आणि वर कॉपी?"

"हो."

"सर, मला तुम्हीच सांगितलं होतं, ज्याच्या सहीवर आपलं काम अडतं त्याला कागदावर गोड बोलायचं नाय." रंजना एरवी पुस्तकी बोलते. तिचा 'नाही' जेव्हा 'नाय' होतो तेव्हा ती करंजात असते, ऑफिसात नसते. तिने डब्याचं झाकण लावलं. "शुक्रवार घ्या तुम्ही. टाइल्स काय नासत नाहीत. माझ्या पार्टीला मी सांगते. पण तुमच्यासाठी नाय देत. आमच्या शेजारी घरं आहेत, शफीभाईंच्याच दुकानातून खजूर नेतात. संध्याकाळी अजान झाली की पहिला घास तोच असतो त्यांचा."

मी "थँक्यू" म्हणालो. तिने जणू ऐकलंच नाही असा फोन उचलला, बाळारामला लावला. काय बोलली ते मला कळलं नाही, कारण अर्धं आगरीत होतं आणि अर्धं हसण्यात.

शुक्रवारी मी आवारात पोचलो तेव्हा खोके बाहेर यायला लागले होते. नवीन अधिकारी आले, तरुण, काटेकोर. एकही खोका सोडला नाही. उन्हात खजूर तापू नये म्हणून बाळारामच्या पोरांनी ओली पोती पसरली होती, मला न विचारता. सलीम नमाजला जाऊन आला आणि पुन्हा फोर्कलिफ्टवर बसला. दुपारचा चहासुद्धा त्यांनी उभ्यानेच घेतला. रंजना हेल्मेट घालून एका रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसली होती. तिचं तिथे काही काम नव्हतं. तिचा क्लायंट तिला फोन करून टाइल्सबद्दल बोलत होता आणि ती त्याला शांतपणे समजावत होती, की होईल, सोमवारी होईल.

मी काय करत होतो? मी तिच्याकडे बघत होतो. माझं काम होत होतं, माझा क्लायंट वाचत होता, आणि मला दिसत होतं ते फक्त एवढंच, की ही माणसं माझ्यासाठी राबत नाहीयेत. बाळाराम घाम पुसत तिला विचारत होता, "झाला ना गं नीट?" मला नाही.

जुम्याची नमाज आटपून शफीभाई थेट आवारात आले. पांढरा सदरा, टोपी तशीच. त्यांनी ओल्या पोत्यांकडे पाहिलं, बाळारामकडे पाहिलं, पॅलेटवर बसलेल्या रंजनाकडे पाहिलं. कोणी काही सांगितलं नाही. दोन पिढ्यांचा व्यापारी, त्याला सांगावं लागत नाही.

माल कागदाप्रमाणे निघाला. सही झाली. ट्रेलर गेटकडे निघाला तेव्हा दुसऱ्या शेडमधून बोराडे साहेब येत होते. माझ्याशी त्यांना बोलायचं नव्हतं, पण रस्ता एकच होता. जवळून जाताना न थांबता म्हणाले, "सुटला ना? आता कृपा करून आभार मानू नका."

चौकशी पुढे मिटली. त्यांच्यावर काही ठपका आला नाही, यायचं कारणच नव्हतं. पण आजही मी कँटीनमध्ये शिरलो की ते कप खाली ठेवून उठतात.

खजूर बाजारात वेळेवर गेला. ईदला शफीभाईंनी मला घरी बोलावलं, दर वर्षीसारखंच. शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली, मी दोन चमचे घेतले, मग म्हणाले, "विनायकराव, पुढच्या मालाची फाइल मी रंजनाकडे देतोय. तुमच्यासमोर सांगितलेलं बरं." मी म्हणालो, बरं केलंत. दुसरं काय म्हणणार, वाटी हातात होती. शीरखुर्मा उत्तम होता, हेही सांगायला हवं.

रंजनाने फाइल घेतली. तिने नाही म्हणायला हवं होतं असं मला महिनाभर वाटत राहिलं. मग एकदा मनाशी विचारलं, मी तिच्या जागी असतो तर? मी टाइल्सचा नंबरच दिला नसता, म्हणजे प्रश्न मिटला.

या सगळ्यातून मी जो काही धडा घेतला तो एवढाच. ज्याच्या सहीत आपला माल अडकलाय त्याचे आभार मानू नयेत. ज्याने नेमकं काय केलं हे आपल्याला सांगता येत नाही त्याचेही मानू नयेत. उरलेल्यांना कार्ड टाकावं, हाताने लिहून.

म्हणून मी एक पोस्टकार्ड आणलं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, एकच? मी म्हटलं, एकच. बसून लिहिलं. "शुक्रवारी तुझा नंबर मला दिलास. टाइल्सवाल्याची बोलणी तू ऐकलीस. विनायक, खांदा कॉलनी." दोन वाक्यंच होती, पण लिहायला सगळी दुपार गेली. पत्र करंजाला टाकायचं होतं, पण मला धीर नव्हता. चार पावलं चालून गेलो आणि तिच्या टेबलावर ठेवलं.

तिने वाचलं. दोनदा वाचलं असावं. "अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली. "पोस्टाने टाकायचं असतं पण." आणि उचलून तिने ते पर्समध्ये ठेवलं, नीट.

आता निघायला हवं होतं. पण ती पर्स बघून माझ्या पोटातलं अखेर तोंडात आलं.

"रंजना, एक विचारू? तांडेलला कार्ड, सलीमला कार्ड, शफीभाईंच्या ड्रायव्हरलासुद्धा. तू माझ्याकडे इतकी वर्षं काम केलंस. मला कधी एक आलं नाही."

तिने पेन खाली ठेवलं. चेष्टा करत नव्हती. खरोखर विचारात पडली होती.

"कार्ड काढून ठेवलंय मी तुमच्या नावाचं, सर. पत्तासुद्धा लिहिलाय," ती म्हणाली. "एका कार्डाला एक गोष्ट लागते. नोकरी सोडल्यापासून मी ती आठवतेच आहे."